तीन पोती कांद्यांएवढं घर

ये गं, जरा जवळ ये. म्हणजे या कागदाजवळ ये. कंपनीच्या बसमध्ये दांडीला लोंबकळत, एक डोळा खिडकीबाहेर ठेवून वाचायचं नाही हे. नीट बसून वाच. हिंजवडी ते सदाशिव पेठ म्हणजे काही काशीयात्रा नव्हे, पण तू उन्हाळ्यात येऊन गेलीस ती गेलीसच. मग गणपती झाले, दसरा झाला, तुझ्यासाठी ठेवलेल्या चकल्या शेवटी वॉचमनने संपवल्या. "आत्या, या शनिवारी नक्की," असं तू म्हणतेस. तुझे हुकलेले शनिवार मी जोडत गेले असते, तर एव्हाना एक दुलई झाली असती.

बरं, झालं रागावून. पण परवा फोनवर विचारलंस काय, तर "आत्या, गच्चीवरचं ते पांढरं खोकं अजून आहे, की टाकलं?" टाकलं म्हणे! लहानपणी त्यात भातुकली मांडायचीस, दार आतून लावून घ्यायचीस, आणि कडी डावीकडेच का म्हणून मला भंडावून सोडायचीस. "मोठी झालीस की सांगेन," असं मी म्हणाले होते. झालीस आता मोठी. ऐक.

ते खोकं सरांनी बांधलं. सर माझ्या समोरच्या दारात राहायचे, तळमजल्यावरच. माझ्या पुढच्या खोलीत शिलाई मशीन, त्यांच्या पुढच्या खोलीत रंधा-करवत. त्यामुळे आमच्या दोन दारांमधल्या जागेत कायम चिंध्या आणि भुसा असायचा, आणि झाडायचा कुणी यावरून मी आणि वहिनी, म्हणजे सरांची बायको, रोज एकमेकींना बोलून घ्यायचो. सरांनी शाळेत बत्तीस वर्षं सुतारकाम शिकवलं. त्यांचं नाव मी लिहीत नाही. दारावरची नावाची पाटी त्यांनी स्वतः कोरली होती, ती इतकी सुबक, की येणारा माणूस नाव वाचायचाच नाही, लाकूड कुठलं ते विचारायचा. सरांना तेच आवडायचं. मग मी तरी कशाला नाव सांगू?

कानामागे पेन्सिल, आंघोळीची वेळ सोडून सदैव. कुणाकडे गेले की बसायच्या आधी खुर्चीवर बोटाच्या पेराने टकटक करायचे. "आंबा आहे. वरून सागाचं पॉलिश मारलंय. फसवलं तुम्हाला." एवढं सांगून त्याच खुर्चीत बसून चहा प्यायचे, दुसरा कपही मागायचे. एकदा नात्यातल्या कुणासाठी मुलगी बघायला गेले आणि मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन आली त्याच क्षणी दिवाणावर टकटक करून म्हणाले, "प्लायवूड." लग्न मोडलं नाही, पण मुलगी बघायला सरांना पुन्हा कुणी नेलं नाही.

वहिनी त्यांच्या अगदी उलट. घरातली वस्तू कशाची आहे याच्याशी त्यांना घेणं नव्हतं, ती जागेवर आहे की नाही एवढंच. बोलणं तिखट. पण त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. उजवा हात, उजवा पाय, आणि गालही त्या बाजूने उतरला. जीभ तेवढी वाचली. "नेमकी तीच वाचली," असं सर म्हणायचे आणि वहिनी डाव्या हाताने त्यांच्यावर टॉवेल फेकायच्या. पण त्यानंतर चार वर्षं वहिनी बिल्डिंगच्या फाटकाबाहेर गेल्या नाहीत. कुणी आलं की दार सर उघडणार, नाहीतर मी धावणार. वहिनी आतल्या खोलीत, आणि उजवा गाल भिंतीकडे.

त्यांची एक मोठी बहीण होती, कोकणात, गुहागरच्या पुढे समुद्राकाठी. अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेल्यामुळे वहिनींना तिनेच वाढवलेलं. तिची पत्रं यायची ती मीच वाचून दाखवायचे. सरांनी वाचलेलं वहिनींना चालायचं नाही, ते म्हणे मधली वाक्यं गाळतात. एका पत्रात बहिणीने लिहिलं, "डोळे चाललेत. डॉक्टर म्हणतात, गेलेलं परत येणार नाही. अजून थोडं दिसतंय, तोवर येऊन जा." अक्षरं ओळ सोडून खाली घरंगळलेली.

सर म्हणाले, "जाऊ या."

"कुठे जाऊ या? तिच्या घरात सुना-जावयांची जत्रा. मला परसात कोण धरून नेणार? जेवताना अर्धा घास बाहेर येतो तो सगळ्यांनी बघायचा? लॉजमध्ये नेणार असाल तर तिथल्या पायऱ्या तुम्ही चढा." आणि मग वहिनींनी तो टोमणा मारला. "माझं दार माझ्याबरोबर येत असेल तर येईन. नाहीतर बोलू नका."

आता हा टोमणा होता गं. कुठलाही नवरा "बरं" म्हणून पेपर उचलेल. सर उठले, कानामागची पेन्सिल काढली आणि वहिनींच्या पलंगाची उंची मोजायला लागले.

त्यातून पहिला ट्रेलर झाला, आणि तो अर्थातच लाकडाचा. गाडीच्या मागे जोडायचं दोन चाकांवरचं घर. सागवान, खिळ्याविना सांधे, आत फ्रेंच पॉलिश. बघायला लोक नारायण पेठेतून यायचे. सरांची गाडी मात्र आठशे सीसीची, लाल रंगाची, चार माणसं बसली की कुंथणारी. रिकामा ट्रेलर जोडून सर कात्रजच्या घाटात बघायला गेले. अर्ध्या चढावर गाडीने वाफ सोडली. मागे अडकलेला ट्रकवाला उतरून आला, पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि म्हणाला, "काका, गाडी ट्रेलरला ओढतीय, का ट्रेलर गाडीला?"

तिथून परत फिरले ते थेट मार्केट यार्डात. कांद्याच्या काट्यावर ट्रेलर चढवला. नऊ पोती भरला. म्हणजे नऊ पोती कांद्यांएवढं वजन. सरांनी घरी येऊन त्याची चाकं काढली. आपला वॉचमन फाटकाजवळच्या ज्या सागवानी चौकीत बसतो ना, ती म्हणजे तोच ट्रेलर. साऱ्या पेठेत असला थाट दुसऱ्या वॉचमनचा नाही.

आणि मग गणपती आले.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सर दूध आणायला गेले, ते दुधाशिवाय, घामाघूम होऊन परत आले. मी दारात बटणं लावत बसले होते. म्हणाले, "देऊळ डोक्यावर घेऊन चालली होती हो!"

"कोण?"

"झाडणारी मावशी. पाच शिखरांचं देऊळ. एका हाताने धरलेलं, दुसऱ्या हाताने तंबाखू मळत होती. मी तिच्या मागेमागे लकडी पुलापर्यंत गेलो."

"अहो सर, मखर असेल ते. थर्माकोलचं."

"तेच तर म्हणतोय," ते म्हणाले आणि आमच्या दाराच्या चौकटीवर टकटक करून, स्वतःशीच हसत आत गेले.

त्या दिवसापासून सरांना वजनाचं वेड लागलं. बत्तीस वर्षं ज्या माणसाने जड लाकूड म्हणजे चांगलं लाकूड असं सांगितलं, तो आता म्हणायला लागला, "जे उचलता येत नाही ते आपलं नसतं. आपण त्याचे असतो." कपाचा कान, चमच्याचा दांडा, जे हातात येईल ते तळहातावर तोलायचे. मला विचारायचे, "तुमच्या दोऱ्याच्या रिळातली लाकडी नळी काढली तर काय बिघडेल?" वहिनींच्या साड्या एकेक करून स्वयंपाकघरातल्या तराजूत घातल्या आणि हलक्यात हलक्या तीन बाजूला काढल्या. वहिनी म्हणाल्या, "बत्तीस वर्षं लाकूड तासलं, आता थर्माकोल. उद्या साबणाच्या फेसाचं घर बांधतील."

रविवार पेठेत एक मखरं करणारे चाचा होते. त्यांचे आजोबा ताबूत सजवायचे, वडील कागदाची मखरं करायचे, हे थर्माकोलची. सर मला घेऊन तिथे गेले, कारण मी चाचांच्या सुनेचे ब्लाऊज शिवायचे, तेवढीच ओळख. चाचा विजेवर तापलेल्या तारेने थर्माकोल कापत होते. तार अशी फिरायची, जणू श्रीखंडातून बोट. सर भान हरपून बघत राहिले. चाचा म्हणाले, "मास्तर, राहायला घर करायचं तर मखराचा माल चालणार नाही, दाणा मोठा असतो. थंडपेट्यांना लावतात तो घ्या, बारीक दाण्याचा, दोन इंची. आणि रंगाचं सांगतो..."

"रंगाचं मला नका सांगू," सर म्हणाले. "लाकडावर बत्तीस वर्षं हात चाललाय माझा."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं, तार बंद केली आणि म्हणाले, "बरं."

त्या 'बरं'कडे मी लक्ष द्यायला हवं होतं.

पार्किंगमध्ये काम सुरू झालं. खाली लोखंडी सांगाडा आणि स्कूटरची चाकं एका वेल्डरकडून करून घेतली, आणि सरकारी कागदपत्रांसाठी सरांनी ज्या खेपा घातल्या त्यावर वेगळं पुस्तक होईल, ते जाऊ दे. भिंती थर्माकोलच्या. पण सुताराचा हात, तो खाचेत खाच बसवल्याशिवाय ऐकतोय का? सरांनी थर्माकोलला रंधा मारला! झालं. पांढरे दाणे सगळ्या बिल्डिंगभर. वाळत घातलेल्या कपड्यांवर, तुळशीत, सेक्रेटरींच्या मिशीत. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई नायलॉनची साडी नेसून लग्नाला निघाल्या आणि फाटकापर्यंत पोचेस्तोवर त्यांच्यावर अक्षता पडून झाल्या. दुसऱ्या दिवशी जिन्याजवळ सूचना लागली : 'पार्किंगमध्ये हिमवर्षाव करू नये.'

सेक्रेटरी स्वतः खाली आले. "सर, हे पार्किंग आहे, कारखाना नाही."

"मग गाडीच करतोय ना? पार्किंगमध्ये गाडी नाही करायची तर काय करायचं, लोणचं?"

"पावसात विरघळेल हो हे."

"तुम्ही विरघळता का? मग हेही नाही विरघळणार."

मला मात्र त्या खोक्याची रोज ओढ लागायची. ब्लाऊजच्या बाह्या अर्ध्या टाकून मी बघायला जायचे. कारण सर मापं घेत होते ती वेगळीच. वहिनींचा डावा हात कुठवर वर जातो, कुठवर मागे जातो, किती जोराने ओढू शकतो. कडी डावीकडे, धरायचे दांडे डावीकडे, दिव्याचं बटण डावीकडे. पलंग त्यांच्या गुडघ्याएवढा. पलंगाशेजारी पडद्याआड, भोक पाडलेली प्लॅस्टिकची खुर्ची आणि खाली बादली. एवढ्यासाठी तर सगळा खटाटोप होता गं, ते कुणी बोलायचं नाही इतकंच. सगळं घर डावखुरं. मी उजव्या हाताने दार उघडायला गेले की कोपर आपटायचं. आता कळलं तुझी भातुकली डावखुऱ्या घरात का असायची?

दिवाळीनंतर भिंती उभ्या राहिल्या, वर गोलसर छप्परही चढलं. सर म्हणाले, "आता शेवटचा हात." सुताराचा शेवटचा हात म्हणजे तेलाचा. चांगला भारी ऑइलपेंट आणला, टर्पेंटाइनमध्ये सैल केला आणि जेवायच्या आधी सगळ्या छपरावर फिरवला. चकचकीत दिसायला लागलं. सर जेवायला गेले. मी मशीनवर होते. मला बाहेरून चुरचुर असा आवाज आला, कढईत पाण्याचा थेंब पडावा तसा. जाऊन बघते तर छपराला खळगे पडत होते. खळग्यांची भोकं झाली. पाण्यात बत्तासा बसावा तसं माझ्या डोळ्यांदेखत छप्पर बसत गेलं, आणि भोकांतून आतला वहिनींचा पलंग दिसायला लागला.

"सर!" मी ओरडले.

ते उष्ट्या हाताने आले. बघत उभे राहिले. मग डाव्या हाताने कानामागची पेन्सिल काढून खिशात ठेवली. एवढ्या वर्षांत काही मोजायचं नसताना त्यांचा तो कान रिकामा मी पहिल्यांदा पाहिला.

आणि नेमकं त्याच आठवड्यात पत्र आलं. अक्षर दुसऱ्या कुणाचं. "सासूबाईंना आता दिवस आहे की रात्र आणि समोर माणूस आहे की खांब, एवढं कळतं. डॉक्टर म्हणाले, तेही फार दिवस नाही. त्या रोज तुमचं विचारतात." मी वाचलं, घडी घातली. सर दारात उभे होते. म्हणाले, "नाही जमलं मला. चुकलं."

मला वाटलं, आता वहिनी काहीतरी तोडून बोलणार. बोलल्याच. "तुम्ही चुकलात? बरं झालं. आता कुणाचं तरी ऐकाल." मग भिंतीकडचं तोंड आमच्याकडे वळवलं, उजव्या गालासकट, आणि म्हणाल्या, "किती दिवस लागतील परत करायला?"

तोवर तो सरांचा ट्रेलर होता बघ. त्या क्षणापासून तो वहिनींचा झाला.

सर दुसऱ्याच दिवशी चाचांकडे गेले. मीही गेले. चाचा हसले नाहीत. पाट सरकवला. सर खाली बसले, शाळेतल्या मुलासारखे, आणि म्हणाले, "रंगाचं सांगत होतात."

"थर्माकोलला दोन गोष्टींची भीती, मास्तर. आग आणि तेल. रंग पाण्याचाच. आणि चिकटवायला तुमच्या सुतारांचा पांढरा गोंद, तो बिचारा काही करत नाही."

"पण टिकेल का हो?"

चाचा म्हणाले, "चाळीस वर्षं झाली, देवाला घर बांधतोय. देव दहा दिवस राहतो, कधी तक्रार आली नाही. तुमच्या घरातल्यांना किती दिवस राहायचंय?"

"आठ."

"मग होईल," चाचा म्हणाले.

तरी चाचांनी एक शंका काढली. मखर जागेवर असतं, हे घाटातून हादरे खात जाणार. नुसता थर्माकोल तडकेल, त्याला अंगावर काहीतरी हवं. चाचा म्हणाले कागद. सर म्हणाले पत्रा, आणि लगेच जीभ चावली, पत्र्याचं वजन! आणि मी बोलून गेले, "मांजरपाट."

दोघं माझ्याकडे बघायला लागले. आता मी सातवी शिकलेली बाई, पण कापड मला कळतं. मांजरपाट म्हणजे ते पिवळट जाडं सुती कापड, अस्तराला, पिशव्यांना वापरतात ते. शिवायच्या आधी ते भिजवून घ्यावं लागतं, नाहीतर पहिल्या धुण्यात असं आखडतं की गिऱ्हाईक येऊन भांडतं. तीस वर्षं मी त्या आखडण्याला शिव्या दिल्या होत्या. म्हटलं, "सर, कोरंच लावा. न भिजवता. गोंदात पाणी कालवून ओल्या कापडाने सगळं मढवा, आतून, बाहेरून. वाळताना ते आखडेल आणि ढोलकीसारखं ताणून बसेल."

सरांनी पेन्सिल पुन्हा कानामागे ठेवली. "तुम्ही हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

मांजरपाटाचा आख्खा तागा लागला. मी कडेला शिवण घालून द्यायचे, सर गोंदाने लावायचे, आणि वहिनी, हो, वहिनी खुर्ची पार्किंगमध्ये आणवून, डाव्या हातात ओला बोळा घेऊन कापडाखालचे फुगे दाबायच्या. चार वर्षांत उन्हात अशा बसल्या नव्हत्या. सेक्रेटरी आले, वहिनींना पाहून एकदम म्हणाले, "अरे, वहिनी! बऱ्या आहात?" वहिनी म्हणाल्या, "बरी आहे. तो बोळा द्या इकडे." सेक्रेटरींनी बोळा दिला. नंतर पाण्याच्या रंगाचे तीन हात द्यायलाही तेच होते, आणि जिन्याजवळची सूचना कुणी काढली ते मला माहीत नाही.

वाळल्यावर सरांनी भिंतीवर टकटक केली. टण्ण वाजली. "काय लाकूड आहे?" मी विचारलं. "तुमचं," ते म्हणाले.

मग मार्केट यार्ड. तोच काटा, तेच हमाल. गाडीपासून सोडवून चौघांनी उचलायला हात घातला आणि जोर इतका लावला की ट्रेलर छातीपर्यंत वर आला. एक जण दचकून म्हणाला, "मास्तर, ह्यात काय हाय? का नुसतीच हवा?"

"घर आहे."

"मंग घराचं सामान कुठं हाय?"

"सामानासकट आहे ते."

तीन पोती. सांगाडा, चाकं, पलंग, बादली, सगळं धरून तीन पोती कांदे. सरांनी काटा दोनदा पाहिला. मग त्यातला सगळ्यांत दणकट हमाल छपरावर चढून मांडी घालून बसला, छप्पर हललं नाही, आणि वरून म्हणाला, "मास्तर, माझ्या म्हातारीला येक करून द्या की."

माघात निघालो. वहिनींना धरायला कुणीतरी हवं म्हणून मी बरोबर. कात्रजचा चढ लागला. ज्या वळणावर वाफ सुटली होती ते वळण आलं, गाडी कुंथली, सरांनी गिअर खाली घेतला, आणि गाडी चढली गं. बोगद्याच्या अलीकडे सरांनी गाडी बाजूला घेतली, उतरून मागे गेले. मला वाटलं चाक बघताहेत. मान वळवून बघते तर नुसते ट्रेलरच्या भिंतीवर तळहात ठेवून उभे. वहिनी काचेतून म्हणाल्या, "कौतुक झालं असेल तर चला. माझी बहीण काही बोगद्यात राहत नाही."

एक मुक्काम वाटेत केला. संध्याकाळी कुंभार्ली घाट उतरून खाली आलो, तिथल्या एका शाळेच्या मैदानात. वहिनी आत, दार आतून लावून, कुणाला हाक न मारता, एकट्या. मी बाहेर स्टोव्हवर चहा ठेवत होते. आतून कडी लागल्याचा आवाज आला तेव्हा सर माझ्याकडे बघून हसले आणि लगेच स्टोव्हला पंप मारायला लागले, तो पेटलेला असूनही.

दुसऱ्या दिवशी पोचलो. सरांनी ट्रेलर पोफळींच्या कडेला, घरासमोर दहा पावलांवर उभा केला. घरातली सगळी माणसं ओटीवर आली, पण सुनेने शहाणपणा केला. बाकीच्यांना थांबवून फक्त सासूबाईंना हाताला धरून घेऊन आली. ती म्हातारी दारापर्यंत आली, चाचपडत भिंतीवरून हात फिरवला. मांजरपाटाची वीण रंगाखालूनही बोटाला लागतेच. म्हणाली, "अगो, भिंतीला लुगडं नेसवलंय?" आणि कडीपाशी टकटक केलं.

मी पुढे होणार होते, सवयीने. सरांनी माझा हात धरला.

आतून वहिनी म्हणाल्या, "थांब. उघडते."

वेळ लागला. दांडा धरल्याचा आवाज, पाय ओढल्याचा, मग कडीचा. दार उघडलं. वहिनी दारात उभ्या होत्या, स्वतःच्या दारात, डाव्या हाताने धरून.

"आत बोलावशील की नाही?" बहिणीने विचारलं.

"ये की. पाय पुसून ये."

दोघी पलंगावर बसल्या. बहिणीने हात उचलून वहिनींच्या तोंडाकडे नेला. वहिनींनी उजवा गाल फिरवायला पाहिला, पण तिकडे भिंत होती, आणि घर इतकं लहान होतं की फिरवायला जागाच नव्हती. बोटं त्या गालावरून खाली आली.

"हा निजलाय वाटतं."

"हो."

"आणि हात?"

"तोही."

"म्हणून चार वर्षं आली नाहीस?"

वहिनींनी डाव्या हाताने तिची बोटं गालावरच धरून ठेवली.

"अगो वेडे," बहीण म्हणाली, "मला आता दिसतंय कुठे? आणि दिसत होतं तेव्हा तुझा शेंबूडच पुसत होते ना मी?" मग डोळे बारीक करून, दाराच्या उजेडाकडे तोंड करून बघत राहिली. "साडी पिवळी नेसल्येस ना?"

साडी हिरवी होती. मीच तिला फॉल लावला होता.

"पिवळीच," वहिनी म्हणाल्या.

मी बाहेर आले. सर ओटीच्या खांबाशी उभे होते आणि त्याच्यावर टकटक करत होते. बराच वेळ करत होते. मी जवळ गेले तेव्हा, मी काही न विचारता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "फणस आहे. अस्सल फणस."

आठ दिवस राहिलो. तेवढ्या दिवसांत गावातली झाडून सगळी माणसं वहिनींच्या दारात येऊन गेली. पाचव्या दिवसापासून वहिनी दार लावेनाशा झाल्या, आणि सहाव्या दिवशी जेवायला ओटीवर, सगळ्यांच्या पंगतीत बसल्या. पुढच्या वर्षी गेलो तेव्हा बहिणीला काहीच दिसत नव्हतं. पण तोवर तिच्या बोटांना वहिनींचा गाल पाठ झाला होता.

पुढे वहिनी गेल्या. गाडी विकली. सर म्हणाले, "हे तुमच्याकडे ठेवा, कापड तुमचं आहे." चाकं काढून, दोर लावून, बिल्डिंगच्या बाहेरून चौघांनी ते गच्चीवर चढवलं. सेक्रेटरी खालून ओरडत होते, "सांभाळून! आपलं आहे ते!" सर शेवटपर्यंत रोज दुपारी त्यात बसून पेपर वाचायचे. दार कधी लावायचे नाहीत. आता थर्माकोलच्या मखरांना बंदी आली आहे, चाचांच्या नातवाने कागदाची धरली आहेत. पण मी दर माघात खोक्याला पाण्याच्या रंगाचा एक हात देते. कापड अजून ढोलकीसारखं आहे.

आता तुझं. वर मी कंपनीच्या बसचं लिहिलं, ते तू सांगतेस म्हणून लिहिलं. तू गणपतीपासून त्या बसमध्ये चढलेली नाहीस. मला बाबांनी नाही सांगितलं, त्यांना उगाच धरू नकोस. "ऑफिसात आहे, आत्या," असं तू दुपारी म्हणतेस आणि मागे कुकरच्या शिट्ट्या होतात. ऑफिसात कुकर लावत नाहीत गं. नोकरी गेली, असं एकदा मोठ्याने म्हणून टाक, माझ्याकडे म्हण, म्हणजे संपलं.

गच्चीवरचा पलंग मी झाडून ठेवलाय. कडी डावीकडेच आहे. बोलायचं नसेल तर आतून लावून घे, मी चहा बाहेर ठेवीन. आणि तोंड दाखवायचं कसं हा प्रश्न असेल, तर या डोळ्यात मोतीबिंदू धरलाय माझ्या, मला लांबून तू तशीही पिवळ्या साडीतलीच दिसशील. शनिवार वगैरे नको आता. हे पत्र आजच वॉचमनच्या हाती पाठवतेय, उद्या मंगळवार आहे. मंगळवारीच ये, आणि येताना अर्धा लिटर दूध आण. घरात आहे ते माझ्या एकटीपुरतंच आहे.